लॉरेन्सबुवांचे गुपित

कीर्ती कोणाच्या वाट्याला कशी येईल याचा काही नेम नाही. ज्याने एका मुलीशी लग्न केले आणि ती गेली असे कळताच जो एक दिवसही मागे राहायला तयार झाला नाही, त्या रोमिओचे नाव आपण मराठी माणसांनी मुलींच्या शाळेबाहेर शिट्ट्या मारीत उभ्या राहणाऱ्या टारगट पोरांना देऊन टाकले आहे. 'रोडरोमिओंचा बंदोबस्त करा' अशी मागणी वर्तमानपत्रांतून अधूनमधून होत असते, आणि ती रास्तच असते. पण ती वाचताना त्या व्हेरोनाच्या मुलाची मला कीव येते. नाटकाच्या पहिल्या रविवारी संध्याकाळपर्यंत तो रोझलिन नावाच्या भलत्याच मुलीसाठी उसासे टाकीत होता, हे मला ठाऊक आहे. पण तेवढ्यासाठी ही शिक्षा फार झाली.

हे नाटक ज्यांनी वाचलेले नाही त्यांनाही ते माहीत असते. दोन घराण्यांचे वैर, चांदणी रात्र, वर सज्जात ती, खाली बागेत तो, आणि शेवटी विष आणि खंजीर. (गंमत अशी की शेक्सपीअरच्या संहितेत सज्जा हा शब्द कुठेही नाही. ज्युलिएट वर दिसते, एवढेच तो सांगतो; सज्जा तिला पुढच्या लोकांनी बांधून दिला.) असे का झाले म्हणून विचारले तर बहुतेक जण उत्तर देतात, 'नशीब! बिचाऱ्यांचे ग्रहच वाईट होते.' नाटकाच्या आरंभी येणारा निवेदकही ग्रहताऱ्यांकडे बोट दाखवून, शेवट काय होणार ते आधीच सांगून मोकळा होतो.

मी हे नाटक बरीच वर्षे विद्यार्थ्यांना शिकवीत आलो. ग्रहांच्या उत्तरावर वर्गातली मुले सहसा खूश असतात, कारण परीक्षेत ते उत्तर लिहायला सोपे पडते. पण एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, पण त्या फ्रायरनी तिच्या वडिलांना सरळ सांगून का टाकलं नाही?" मी तेव्हा काहीतरी उत्तर दिले असेन. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला, आणि तेव्हापासून हे नाटक मला प्रेमिकांचे कमी आणि त्या म्हाताऱ्या संन्याशाचे अधिक वाटू लागले आहे.

फ्रायर लॉरेन्स हा फ्रान्सिस्कन पंथाचा भिक्षू. मी त्याला लॉरेन्सबुवा म्हणेन. कारण आपल्याकडच्या एखाद्या गावाबाहेरच्या मठातल्या, औषधी मुळ्यांची पारख असलेल्या, सगळ्या घरांत आब असलेल्या बुवांसारखाच तो आहे. आपल्याला तो प्रथम दिसतो तोच पहाटे परडी घेऊन पाला गोळा करताना. एकाच फुलात विषही असते आणि औषधही असते, असे काहीतरी तो स्वतःशी बोलत असतो. रोमिओ त्याच्याकडे धावत येतो आणि आजच्या आज लग्न लावून द्या म्हणतो. बुवा त्याची चेष्टा करतात, कालची रोझलिन कुठे गेली म्हणून विचारतात, धावणारा अडखळतो असा उपदेशही करतात, आणि त्याच दिवशी दुपारी लग्न लावून मोकळे होतात! उपदेश संथपणाचा, कृती घाईची. मात्र त्यांचा हेतू वाईट नाही. या लग्नाने दोन घराण्यांचे पिढीजात वैर मिटेल अशी त्यांना आशा आहे. पुढे घडणाऱ्या साऱ्या अनर्थात पैशासाठी, मानासाठी किंवा सूडासाठी त्यांनी एकही गोष्ट केलेली नाही, आणि म्हणूनच त्यांचा विचार करणे अवघड जाते.

शेक्सपीअरने ही गोष्ट स्वतः रचलेली नाही. ती इटलीत शंभर वर्षे तरी फिरत होती. तिच्याशी नाते सांगणारी एक कथा 1476 सालच्या एका इटालियन संग्रहात सापडते. शेक्सपीअरच्या हाताशी होते ते आर्थर ब्रूक याचे 1562 साली छापलेले दीर्घ इंग्रजी काव्य. या ब्रूकने वाचकांसाठी एक प्रस्तावना लिहिली आहे आणि तीत निकाल देऊन टाकला आहे: आईबापांचा सल्ला न मानणाऱ्या, चहाटळ बायका आणि भोंदू संन्यासी यांच्या नादी लागणाऱ्या वासनांध प्रेमिकांची काय गत होते ते पाहा. (त्याचे काव्य त्याच्या प्रस्तावनेपेक्षा पुष्कळ दयाळू आहे. ग्रंथकारांचे असे होते.) शेक्सपीअरने तीसएक वर्षांनी ती गोष्ट घेतली आणि प्रस्तावनेतला निकाल तेवढा टाकून दिला. आणखी दोन बदल त्याने केले. ब्रूकची नायिका सोळा वर्षांची आहे, शेक्सपीअरने तिला तेराची केले. येत्या 31 जुलैच्या रात्री तिला चौदावे लागायचे आहे. आणि ब्रूकच्या काव्यात कित्येक महिने चाललेली हकीकत त्याने रविवार सकाळ ते गुरुवारची रात्र एवढ्यात कोंबली. तेरा वर्षांची पोर आणि पाच दिवस. ती चुकली की नाही हे विचारण्यापूर्वी तिच्याभोवतीची मोठी माणसे त्या पाच दिवसांत काय करीत होती, हे विचारणे भाग पडते.

आता त्या मुलीचा प्रश्न घेऊ.

सोमवारी दुपारी लग्न झाले. लग्नानंतर तास दोन तासांत भर रस्त्यावर ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट रोमिओला लढाईचे आव्हान देतो. रोमिओ लढायला तयार नाही. तुझ्यावर माया करायला मला एक कारण आहे, ते तुला ठाऊक नाही, असे तो त्याला गोंधळल्यासारखा सांगतो. कारण काय? आपण आता नातेवाईक आहोत हे. पण ते उघड सांगायची सोय नाही. रोमिओचा मित्र मर्क्युशिओ हे ऐकतो आणि त्याला वाटते की आपला मित्र शेपूट घालतो आहे. मित्राची अब्रू राखण्यासाठी तो स्वतः तलवार उपसतो. रोमिओ मध्ये पडतो, त्याच्या हाताखालून टिबॉल्टचा वार जातो आणि मर्क्युशिओ मरतो. मरताना तो दोन्ही घराण्यांना शाप देतो. आपण कशासाठी मेलो हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. त्याला ते एक वाक्य माहीत असते तर तो त्या दिवशी हसत घरी गेला असता. मग संतापाच्या भरात रोमिओ टिबॉल्टला ठार करतो. टिबॉल्टलाही कळत नाही की ज्याला आपण आव्हान दिले तो आपल्या आतेबहिणीचा नवरा होता.

तिसरा पॅरिस. हा बिचारा सरदार वाईट माणूस नाही. त्याने रीतसर मागणी घातली, मुलीच्या बापाने होकार दिला, आणि लग्नाच्या दिवशी सकाळी नवरी मेलेली सापडली. रात्री तो तिच्या थडग्यावर फुले वाहायला येतो. तिथे रोमिओला पाहून, हा शत्रू प्रेताची विटंबना करायला आला असे त्याला वाटते. तो अडवतो आणि मरतो. आपण दुसऱ्याच्या बायकोसाठी फुले आणली होती हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

चौथा खुद्द रोमिओ. ज्युलिएट झोपेचे औषध पिऊन निजली आहे, बेचाळीस तासांनी जागी होईल, ही योजना ज्याला कळायला हवी होती त्यालाच ती कळली नाही. इथे नशीबवाद्यांचा हुकमी पत्ता आहे तो फ्रायर जॉनचा. बुवांचे पत्र घेऊन जाणारा हा फ्रायर जॉन रोग्यांची सेवा करणाऱ्या एका सोबत्याला बोलवायला गेला, त्या घरात साथीचा संशय होता, आणि नगराच्या तपासनिसांनी घराची दारे बाहेरून बंद करून टाकली. पत्र व्हेरोनातच राहिले. हा प्रसंग शेक्सपीअरच्या प्रेक्षकांना मुळीच ओढूनताणून आणलेला वाटला नसेल. 1592 पासून 1594 पर्यंत लंडनची नाटकगृहे प्लेगामुळे बहुतेक काळ बंद होती. मोहर लावलेली दारे त्यांनी पाहिलेली होती. 1897 चे पुणे ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकले त्यांना आणि 2020 साली ज्यांच्या इमारतीला दोऱ्या बांधल्या गेल्या त्यांना त्याचे नवल वाटू नये.

तेव्हा साथ ही दैवगती, हे मान्य करू. पण नाटक जरा मागे उलटून पाहा. सोमवारी रात्री रोमिओला मँट्युआला पाठवताना बुवांनी त्याला शब्द दिलेला आहे की, तुझ्या नोकराला मी गाठीन आणि इकडची बरीवाईट हकीकत त्याच्याकरवी तुला वेळोवेळी कळवीत जाईन. हा नोकर बाल्थाझार. धन्यावर जीव टाकणारा, वाट माहीत असलेला. मग मंगळवारी पत्र पाठवायची वेळ आली तेव्हा बुवांनी त्याला का बोलावले नाही? शेक्सपीअर कारण देत नाही. माझा तर्क असा की गुपित आणखी एका माणसाला कळू नये, तेही नोकराला, हेच ते कारण असावे. आपल्या मठातला माणूस बरा. परिणाम असा झाला की खरी बातमी बंद घरात अडकून पडली, आणि बाल्थाझारने ज्युलिएटला थडग्यात ठेवताना डोळ्यांनी पाहिले व घोडा दामटून खोटी बातमी आपल्या धन्याला इमानाने पोहोचवली. ज्याला गुपित सांगितले नाही तोच वेळेवर पोहोचला. यात ग्रहांचा हात किती आणि बुवांच्या सावधगिरीचा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

बुवांची बाजू मांडायची नाही असे नाही. त्यांच्यासमोर मंगळवारी सकाळी काय होते ते पाहू. रोमिओला हद्दपारीची शिक्षा झालेली. परत आला तर देहान्त. कॅप्युलेटच्या घरात टिबॉल्टचे सुतक. अशा वेळी कॅप्युलेटकडे जाऊन, तुमच्या भाच्याला मारणारा माणूस तुमचा जावई आहे, आणि लग्न मी लावले आहे, असे सांगायचे! थोरल्या कॅप्युलेटचा राग आपण पाहिलेला आहे. मुलगी पॅरिसला नको म्हणते एवढ्यावर तो तिला घराबाहेर काढीन, रस्त्यावर उपाशी मर म्हणून ओरडतो. आई म्हणते, तुझे माझे संपले. आणि जिने अंगावर पाजले, जी लग्नाच्या निरोपांची ने-आण करीत होती, ती दाईसुद्धा सांगते की आता पॅरिसशीच लग्न करून टाक, रोमिओपेक्षा तो देखणा आहे. एका सकाळीत त्या मुलीचे घर संपते. ती सुरी घेऊन बुवांकडे येते. मरायला निघालेल्या मुलीला आधी थोपवायचे, हे कोणताही भला माणूस करील. बुवांनी तेच केले.

पण कसे केले? औषधाची कुपी दिली. तिने ती एकटीने, रात्री, कोणाला न सांगता प्यायची; पुरलेल्या पूर्वजांच्या आणि कालच ठेवलेल्या टिबॉल्टच्या प्रेताशेजारी डोळे उघडायचे. सत्य सांगण्यात धोका होता हे खरे, पण तो बुवांना होता: कॅप्युलेटचा राग, राजाचा जाब, मठातला मान. तो धोका टाळण्यासाठी जी युक्ती काढली तिच्यातला सगळा धोका तेरा वर्षांच्या मुलीच्या अंगावर टाकला गेला. कॅप्युलेटचा राग बुवांनी प्यायचा तो तिने औषधाच्या रूपाने प्यायला, असे मला राहून राहून वाटते.

आणि ज्युलिएटला हे कळते! औषध पिण्यापूर्वीच्या तिच्या भाषणात भुताखेतांची भीती सर्वांच्या लक्षात राहते. पण त्याआधी तिच्या मनात दुसराच संशय येतो. आपले पहिले लग्न यांनीच लावले, ते उघडकीला आले तर यांची नाचक्की होईल, म्हणून हे खरेच विष तर नसेल? एवढ्याशा पोरीने त्या थोर माणसाचा मर्मबिंदू एका क्षणात हेरला आहे. मग ती तो विचार झटकून टाकते. तो साधू पुरुष आहे, आजवर तसाच ठरलेला आहे, अशी ती आपली समजूत घालते आणि कुपी तोंडाला लावते.

आता एक अवघड जागा येते. समजा, ते पत्र पोहोचले असते. रोमिओ वेळेवर आला असता, ज्युलिएट हसत उठली असती, दोघे मँट्युआला गेली असती, आणि वर्षभराने नातवाचे तोंड पाहून दोन्ही म्हातारे विरघळले असते. मग आपण बुवांना काय म्हटले असते? धन्य त्या माणसाची, म्हटले असते. तीच फसवणूक, तोच हेतू, तीच कुपी. फक्त एक दार उघडे राहिले असते. एखाद्या कृत्याचे पाप-पुण्य कोणा तपासनिसाने दार लावले की नाही यावर ठरावे, हे मनाला पटत नाही. पण आपण व्यवहारात नेहमी तसेच ठरवतो.

हे 'समजा' पोकळ नाही. आपल्या संस्कृत वाङ्मयात ते नाटक लिहिलेले आहे. विदर्भातल्या पद्मपूरचा भवभूती आठव्या शतकात होऊन गेला. त्याच्या 'मालतीमाधवा'त कामन्दकी नावाची बौद्ध परिव्राजिका आहे, आणि ती लॉरेन्सबुवांची थोरली बहीण शोभावी. तिथेही राजाच्या मर्जीतल्या माणसाशी मुलीचे लग्न ठरते, तिथेही संन्यासिनी प्रेमिकांची बाजू घेते, तिथेही फसवणूक आहे. माधवाचा मित्र मकरन्द चक्क मालतीच्या वेषात बोहल्यावर उभा राहतो. स्मशानही आहे, मरणाचे प्रसंगही आहेत. पण दहा अंकांनंतर सारे गोड होते, राजाही संमती देतो, आणि कामन्दकीने खोटेपणा केला असे म्हणण्याचे प्रेक्षकाच्या मनातही येत नाही.

तरी दोन्ही नाटके शेजारी ठेवून वाचली की यशापयशापलीकडचा एक फरक दिसतो. मालतीचा आणि माधवाचा बाप हे जुने सहाध्यायी, आणि मुलांचे लग्न एकमेकांत लावायचे हे त्यांनी कामन्दकीच्या साक्षीने केव्हाच ठरवलेले आहे. मालतीचा बाप राजाचा मंत्री. राजाला तो उत्तर देतो तेही असे दुअर्थी, की होकार वाटावा आणि होकार असू नये. म्हणजे कामन्दकी जे करते ते बापाच्या मनातले करते. फसवायचे आहे ते राजाला, घराला नव्हे. शिवाय ती स्वतः पुढे असते, प्रत्येक डाव तिच्या डोळ्यांसमोर चालतो. आमचे बुवा कुपी देऊन मठात परत जातात.

माझे एक स्नेही हायस्कुलात गणित शिकवीत. त्यांच्याकडे एकदा त्यांचा जुना विद्यार्थी आला. नोंदणी पद्धतीने लग्न करायचे होते, मुलीच्या घरी ठाऊक नव्हते, साक्षीदार हवा होता. दोघेही सज्ञान, कमावती. मास्तर म्हणाले, "सही करतो. पण त्याच संध्याकाळी मुलीच्या वडिलांकडे मी स्वतः जाणार, आणि मी सही केली म्हणून सांगणार. चालत असेल तर बोल." मुलगा दोन दिवस विचार करून हो म्हणाला. मास्तर गेले. त्यांना कोणी बसा म्हटले नाही, पाणी विचारले नाही. तासभर उंबऱ्यात उभे राहून ऐकून घेतले, आणि परत आले. पुढे कित्येक वर्षे ते गृहस्थ रस्त्यात दिसले की तोंड फिरवीत. ते लग्न टिकले की मोडले हे मला माहीत आहे, पण मी मुद्दामच सांगत नाही. सांगितले तर आपण मास्तरांना त्यावरून गुण देऊ लागू.

कोणी म्हणेल, सगळे मास्तरांवर आणि बुवांवर कशाला? मुलगी सांगत का नाही, घर ऐकत का नाही, हे आधी विचारा. विचारलेच पाहिजे. कॅप्युलेट हा राक्षस नाही, हीच त्या नाटकातली दुःखाची गोष्ट आहे. पॅरिसने मागणी घातली तेव्हा आधी तिचे मन वळव, तिच्या पसंतीपुढे माझ्या होकाराला फारशी किंमत नाही, असे म्हणणारा बाप तोच. मेजवानीत रोमिओ ओळखला गेला तेव्हा, तो चांगल्या वळणाचा मुलगा आहे, साऱ्या गावात त्याचे नाव आहे, माझ्या घरात त्याचा अपमान होता कामा नये, असे टिबॉल्टला खडसावणाराही तोच. म्हाताऱ्यांना शांतता राखणे काही कठीण नाही, असेही तो सुरुवातीला बोलून गेलेला आहे. वैराचा त्याला कंटाळा आलेला आहे. या वैराचे कारण काय, हे तर साऱ्या नाटकात कोणीच सांगत नाही. बहुधा कोणाला आठवतही नसावे. रविवारी संध्याकाळी ज्याने शत्रूच्या मुलाची तारीफ केली त्याला सोमवारी सकाळी कोणा वडीलधाऱ्याने नीट शब्दांत विचारले असते, तर काय झाले असते कोण जाणे.

पण ज्युलिएटला बापाचे ते बोलणे ऐकू आलेले नव्हते. तिला ऐकू आले ते मंगळवारचे. घरात एखाद्या विषयाची भाषा कोणती आहे हे मुले आपण शांत असताना बोललेल्या वाक्यांवरून ठरवीत नाहीत. सण, मेजवानी, पाहुणे यांच्यापुढे आपण फार उदार असतो. दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींत शेजारच्या मुलाच्या आंतरजातीय लग्नाचे कौतुक करणारे कितीतरी काका मला माहीत आहेत. त्या वेळी माजघरात करंज्यांचे ताट भरीत असलेली त्यांची स्वतःची मुलगी काय ऐकत असते, हे विचारण्यासारखे आहे. ती कौतुक ऐकत नाही. 'आपल्याकडे तसलं काही नाही बुवा' हे शेवटचे वाक्य ती ऐकते.

ज्या घरात सांगता येत नाही तिथे गुपिताला वाट काढून देणारा कोणीतरी निघतोच. मावशी निघते, मैत्रीण निघते, लॉरेन्सबुवा निघतात. ते निघाले म्हणून त्यांना दोष देणे मला जमत नाही. दाईलाही मी तिच्या निरोपांबद्दल दोष देत नाही, नंतर फिरवलेल्या जिभेबद्दल देतो. मदत केली ती पुरी करायची, म्हणजे त्या गुपिताचा उजेडात येण्याचा जो कडू भाग आहे तो आपल्या वाट्याला घ्यायचा. तेवढेच बुवांकडून झाले नाही. पहिल्या हद्दपारीच्या रात्री त्यांनीच म्हटले होते की योग्य वेळ पाहून लग्न जाहीर करू, घराण्यांचा समेट करू, राजाची माफी मागू. वेळ आली ती मंगळवारी. योग्य नव्हती, पण तीच होती.

शेवटी थडग्यातला प्रसंग. बुवा येतात; रोमिओ आणि पॅरिस मरून पडलेले. ज्युलिएट जागी होते. बाहेर पहारेकऱ्यांचा आवाज. चल, तुला भिक्षुणींच्या मठात ठेवतो, असे बुवा म्हणतात, आणि ती हलत नाही असे पाहून, मला थांबायचे धैर्य नाही म्हणून निघून जातात. तिला तिथे, तशी, एकटी सोडून. खंजीर तिथेच असतो. सगळ्या नाटकात बुवांचे पाऊल पहिल्यांदाच भीतीने पडले असे मी शिकवीत असे. आता मला वाटते, मंगळवारी ते पडलेच होते, पण तेव्हा ते योजनेसारखे दिसत होते.

पहारेकरी त्यांना पकडून आणतात आणि मग राजासमोर ते सगळे सांगतात. थोडक्यात सांगतो म्हणतात आणि चाळीसएक ओळी बोलतात. रंगभूमीवर हे भाषण बहुतेक छाटले जाते. 1968 सालच्या झेफिरेलीच्या गाजलेल्या चित्रपटात तर ते नाहीच. प्रेक्षकाला सगळे ठाऊक असते, पुन्हा कशाला, असे दिग्दर्शकांना वाटते. पण प्रेक्षकाला ठाऊक असले तरी बापांना नव्हते! लग्न झाले होते हे वाक्य दोन्ही घराण्यांच्या कानांवर प्रथमच पडते आहे, आणि ते ऐकल्यावर काही मिनिटांत पिढ्यांचे वैर संपते. ते सत्यामुळे संपले की प्रेतांमुळे, हे नाटक सांगत नाही. प्रेतांशिवाय ते संपले नसते असे मानणारे पुष्कळ टीकाकार आहेत. मला ते मान्य करवत नाही, कारण तसे मानले तर मुलांचे मरण उपयोगी ठरते. आणि ते हिशेब मांडणारे दोन म्हातारे रंगमंचावर लगेच दिसतातही. कॅप्युलेट हात पुढे करून, हेच माझ्या मुलीचे स्त्रीधन समज, असे व्याह्याला म्हणतो. माँटेग्यू म्हणतो, मी तुझ्या मुलीचा सोन्याचा पुतळा उभारीन. कॅप्युलेट म्हणतो, तितकाच मोलाचा तुझ्या मुलाचा मी उभारीन. प्रेते समोर पडलेली आहेत आणि देण्याघेण्याची बोलणी चालली आहेत.

इंग्लंडच्या प्रेक्षकांना हा शेवट पचला नाही असेही झाले. सतराव्या शतकात जेम्स हॉवर्ड नावाच्या नाटककाराने दोघांनाही जिवंत ठेवणारी आवृत्ती केली होती, आणि एक दिवस मूळचा शोकान्त शेवट, दुसऱ्या दिवशी हा गोड शेवट, असे प्रयोग पाळीपाळीने होत, अशी नोंद आहे. गोड शेवटाच्या दिवशी घरी जाणाऱ्या प्रेक्षकांनी लॉरेन्सबुवांबद्दल काय बोलणे केले असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

राजा मात्र कोणताच निकाल देत नाही. काहींना क्षमा होईल, काहींना शिक्षा होईल, एवढेच तो म्हणतो. कोणाला, ते नाही. ब्रूकच्या काव्यात नावे आहेत: दाईला हद्दपारी, बुवांची सुटका (ते पुढे पाच वर्षे एकान्तात राहून मरतात), आणि मँट्युआतल्या त्या औषधविक्याला फाशी. शेक्सपीअरने हे गाळले, पण बुवांच्या बाबतीत एक वाक्य राजाच्या तोंडी ठेवले. माझे काही चुकले असेल तर कायद्याने हा म्हातारा जीव घ्या, असे बुवा म्हणतात तेव्हा राजा उत्तर देतो की, तुम्ही साधू पुरुष आहात हे आम्ही आजवर जाणतो. ज्युलिएटने कुपी तोंडाला लावण्यापूर्वी स्वतःला हेच सांगितले होते. मग रोमिओचे पत्र वाचले जाते. त्यात एका गरीब औषधविक्याकडून विष घेतल्याचे लिहिलेले असते. हा माणूस हाडांचा सापळा आहे. विष विकले तर मँट्युआत देहान्त शासन, म्हणून तो आधी नाही म्हणतो, आणि चाळीस डकॅट पाहून, गरिबीने हो म्हणतो. राजा ते वाचतो आणि पुढे जातो. पुतळ्यांची बोलणी होतात, आणि सगळी मंडळी थडग्याबाहेर पडतात. त्या औषधविक्याला काही विचारायला मँट्युआला अजून कोणी गेलेले नाही.